महिन्यातून एकदा नवरा-बायकोनं ‘बसायचं’, म्हणजे नक्की काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. लग्नाला नऊ वर्षं झाली, दोन मुलं, घरात सासूबाई, नवऱ्याची शिफ्टची नोकरी. धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) फादरांनी ‘टीम्स ऑफ अवर लेडी’ या कॅथलिक जोडप्यांच्या चळवळीच्या नव्या टीममध्ये याल का म्हणून विचारलं. दोघांनी हो म्हटलं. पायलट जोडप्यानं सांगितल्याप्रमाणे दोन महिने ‘सिट-डाऊन’, म्हणजे महिन्यातून एकदा दोघांनीच बसून बोलणं, करून पाहिलं आणि दोन्ही वेळा भांडण झालं. दुसऱ्या वेळी तर चार दिवस अबोला. प्रश्न विचारणारी पत्नी लिहिते, “मी तर मुद्दे कागदावर लिहून घेऊन बसले होते.” ही चळवळ आपल्यासाठी नाही का, त्यापेक्षा मॅरेज एन्काउंटर या जोडप्यांच्या दुसऱ्या चळवळीचा वीकएंड केलेला बरा का, आणि या सगळ्यासाठी वेळ आणायचा कुठून, हे तिचे तीन प्रश्न.

आम्ही दोघं बावीस वर्षं टीममध्ये आहोत. त्यात तीन नव्या टीम पायलट केल्या, म्हणजे पहिलं वर्षभर नव्या जोडप्यांबरोबर बसून त्यांना ही वाट दाखवली. त्या अनुभवावरून सांगते: सोडू नका. पहिल्या सहा महिन्यांत भांडण झालं नाही असं जोडपं मला अजून भेटायचंय. मात्र तो मुद्द्यांचा कागद पुढच्या वेळी घरातच ठेवा. तो का, हे सांगायला थोडं मागे जावं लागेल, कारण हे ‘बसणं’ आलं कुठून हे माहीत नसेल तर ते एक रिवाज म्हणून उरकलं जातं.

१९३९ साल. पॅरिसमध्ये आंरी काफारेल नावाचे तरुण धर्मगुरू होते, लिआँचे, १९०३ साली जन्मलेले. एक तरुण विवाहिता त्यांच्याकडे आध्यात्मिक मार्गदर्शनासाठी आली, मग तिचा नवरा आला, मग त्यांचे मित्र. त्या सगळ्यांची विचारणा एकच होती. आमचं एकमेकांवर प्रेम आहे आणि देवावरही आहे. ही दोन प्रेमं एकत्र कशी जगायची? आज हा प्रश्न साधा वाटतो. त्या काळी पवित्र जीवन म्हणजे मठ, धर्मगुरू, धर्मभगिनी, आणि प्रापंचिकांनी आज्ञा पाळून मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, यायचं, अशीच सर्वसाधारण समजूत होती. काफारेल यांच्याकडेही तयार उत्तर नव्हतं. “आपण मिळून शोधू,” असं ते म्हणाले. २५ फेब्रुवारी १९३९ ला चार जोडपी आणि ते स्वतः एका घरी जमले. ही पहिली बैठक. त्याच वर्षी सप्टेंबरात युद्ध सुरू झालं, तरी गट टिकले, वाढले. १९४५ मध्ये काफारेल यांनी विवाहित जीवनाच्या अध्यात्माला वाहिलेलं एक नियतकालिक सुरू केलं. त्याचं नाव ‘सोन्याची अंगठी’ अशा अर्थाचं होतं. त्यातच त्यांनी एक लेख लिहिला, दुर्लक्षित राहिलेल्या एका कर्तव्याबद्दल. ते कर्तव्य म्हणजे बसण्याचं.

आधार संत लूकच्या शुभवर्तमानातला, चौदावा अध्याय. बुरूज बांधायचा असेल तर माणूस आधी बसून खर्चाचा अंदाज घेत नाही काय? काफारेल यांचं म्हणणं असं, की दुकानदार हिशेबाला बसतो, साधू चिंतनाला बसतो, आणि ज्यांना जन्मभर एक घर बांधायचं आहे ते नवरा-बायको मात्र कधीच बसत नाहीत. महिन्यातून एकदा, प्रभूच्या नजरेखाली, दोघांनीच, वेळ ठरवून बसायचं आणि आपलं चाललंय कसं हे एकमेकांना विचारायचं.

मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आपल्याकडची लग्नं आठवली. लग्न ठरवायचं म्हटलं की दोन्हीकडची मोठी माणसं बसतात. देणं-घेणं, हॉल, जेवण, किती माणसं येणार, बँडवाला कुठला, तासन्‌तास बोलणी चालतात. ज्या दोघांचं लग्न आहे ती एका कोपऱ्यात गप्प. मग लग्न लागतं, मंडळी उठतात आणि त्या दोघांना कुणी सांगत नाही, की आता बसायची पाळी तुमची.

आमचं स्वतःचं सांगते. टीममध्ये आलो तेव्हा आम्ही उपनगरात एका खोली-स्वयंपाकघराच्या घरात राहत होतो. सासू-सासरे, लहान दीर, आमची मुलगी. तिथे दोघांनी बसून बोलायचं म्हणजे काय? कुजबुजलं तरी पडद्यापलीकडे ऐकू जायचं. पहिले दोन महिने आम्ही ‘केलं’ असं टीममध्ये सांगितलं आणि प्रत्यक्षात केलं नव्हतं. हेही कबूल करते. तिसऱ्या महिन्यात एका रविवारी संध्याकाळी आम्ही रेल्वे स्टेशनवर गेलो. प्लॅटफॉर्मची तिकिटं काढली आणि अगदी टोकाच्या बाकावर बसलो, जिथे बारा डब्यांची गाडीच तेवढी पोचते. रविवारी तिथे गर्दी नसते. प्रार्थना मनातल्या मनात केली, कारण दोघांनाही लाज वाटत होती. मग अर्धा तास मुलीच्या शाळेबद्दल बोललो, दिराच्या नोकरीबद्दल बोललो. एक जलद गाडी धडधडत गेली, आणि ती गेल्यावर जी शांतता होते ना, त्यात हे म्हणाले, “तू दार उघडतेस तेव्हा आधी माझ्या हातातल्या पिशवीकडे बघतेस.”

मला कळलंच नाही. मग कळलं. रोज संध्याकाळी मी फोनवर सांगायचे, कोथिंबीर आणा, दूध आणा, गोळ्या आणा. दार उघडलं की नजर पिशवीवर, आणलं की विसरले हे बघायला. त्यानंतर तोंडाकडे. सहा वर्षं. ते ओरडले नाहीत, तक्रारही केली नाही, नुसतं सांगितलं. मी रडले, ते गोंधळले, पलीकडच्या बाकावरचा एक माणूस उठून दूर जाऊन बसला. त्या दिवशी आणखी काहीही बोलणं झालं नाही. पण तेव्हापासून आजपर्यंत मी दार उघडते तेव्हा आधी त्यांच्या तोंडाकडे बघते. कधी विसरले तर ते पिशवी पाठीमागे लपवतात.

आता तुमच्या कागदाकडे येते. कागदावर मुद्दे कुणाचे लिहिले जातात? समोरच्याच्या चुकांचे. नवऱ्यानं तो कागद पाहिला त्या क्षणी तो आरोपी झाला आणि तुम्ही वकील. पुढे जे झालं ते होणारच होतं. बसायच्या आधी थोडं लिहायला माझी ना नाही, उलट ते चांगलंच. पण लिहायचं स्वतःबद्दल. या महिन्यात मला कशानं बरं वाटलं, कशाची भीती वाटली, कुठे मी एकटी पडले, तुमच्या कुठल्या गोष्टीसाठी मी देवाचे आभार मानले आणि तुम्हाला सांगायला विसरले. ‘तुम्ही आईंसमोर माझी बाजू घेत नाही’ आणि ‘त्या दिवशी आईंसमोर मला फार एकटं वाटलं’ या दोन वाक्यांत घटना एकच आहे. पहिल्या वाक्याला उत्तर येतं, दुसऱ्याला माणूस थांबून ऐकतो.

दुसरी गोष्ट वेळेची. तुम्ही रविवारी रात्री अकराला बसलात असं लिहिलंय. मुलं झोपल्यावर, भांडी आवरल्यावर, दुसऱ्या दिवशी पहाटेची शिफ्ट असताना. त्या वेळी कुठलंही जोडपं भांडेल. नवऱ्याचं शिफ्टचं वेळापत्रक हातात आलं की लगेच महिन्यातली एक तारीख ठरवा आणि कॅलेंडरवर लिहा. ज्या दिवशी तो सकाळी घरी असतो आणि मुलं शाळेत असतात तो दिवस सोन्यासारखा. दीड-दोन तास लागतात. महिनाअखेरीला पैशाची ओढाताण असताना बसू नका, कुणी थोडीशी घेतलेली असताना तर मुळीच नाही. फोन बंद करून पिशवीत. घरात जागा नसेल तर चर्चच्या आवारात, बागेत, समुद्रावर, किंवा आमच्यासारखं स्टेशनवर.

सुरुवात गप्प बसून करा. पाच मिनिटं नुसतं गप्प. मग प्रभूला म्हणा, आमच्यामध्ये ये. लहानशी प्रार्थना, पाठ असलेली असली तरी चालेल. नंतर आधी आभार, एकमेकांचे आणि ठरावीक गोष्टीचे: “त्या मंगळवारी मला बरं नव्हतं तेव्हा तुम्ही डबे भरले.” मग महिन्याकडे मागे वळून बघा. आम्ही दोघं कसे आहोत, मुलं, आई-बाबा, पैसा, काम, शेजारपाजार, आणि देवाबरोबर आमचं कसं चाललंय. प्रत्येक वेळी सगळंच घ्यायचं नाही. एखादा विषय आपणहून मोठा होतो, त्याला होऊ द्या. शेवटी पुढच्या महिन्यासाठी एखादी बारीक गोष्ट ठरवा आणि प्रभूची प्रार्थना म्हणून उठा.

आणि आवाज चढलाच तर? आम्ही नव्या जोडप्यांना एक सांगतो: दोघांपैकी कुणीही ‘थांबूया’ म्हटलं की थांबायचं. त्या दिवशी कोण बरोबर ते ठरवायचं नाही. एकत्र एक प्रार्थना म्हणायची, जमलं नाही तर नुसतं क्रुसाची खूण करायची, आणि आठवड्याच्या आत दुसरी तारीख ठरवायची. ती दुसरी तारीख महत्त्वाची. तुमचा चार दिवसांचा अबोला मला भांडणापेक्षा जास्त खटकला, कारण पुढे काय हे दोघांपैकी कुणीच ठरवलं नव्हतं. समोरासमोर बोलणं जमतच नसेल तर दोघांनी वेगवेगळं बसून एकमेकांना पत्र लिहा, वह्यांची अदलाबदल करा आणि दोनदा वाचा. एकदा डोक्यानं, एकदा मनानं.

ही पत्रं लिहायची रीत मॅरेज एन्काउंटरची, म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच देते. एन्काउंटरचा उगम स्पेनमधला. गाब्रिएल काल्वो या धर्मगुरूंनी जोडप्यांबरोबर अनेक वर्षं काम करून १९६२ मध्ये बार्सिलोनात पहिला वीकएंड घेतला. पुढे अमेरिकेत तो झपाट्यानं पसरला. त्याचा साचा असा: शुक्रवार संध्याकाळ ते रविवार संध्याकाळ, काही अनुभवी जोडपी आणि एक धर्मगुरू स्वतःच्या आयुष्याबद्दल बोलतात, प्रत्येक बोलण्यानंतर एक प्रश्न मिळतो, नवरा आणि बायको वेगवेगळे बसून दहा मिनिटं लिहितात, मग खोलीत जाऊन एकमेकांचं वाचतात आणि बोलतात. गटापुढे काही सांगावं लागत नाही. भावना चूक किंवा बरोबर नसते, ती फक्त असते, हे तिथे शिकवतात, आणि हे एकच शिकून आलात तरी तुमचा मुद्द्यांचा कागद आपोआप फाटेल.

तेव्हा हे की ते, असा प्रश्नच नाही. एन्काउंटर म्हणजे पावसाची मोठी सर, टीम म्हणजे रोजचं शिंपण. आमच्या टीममधली तीन जोडपी एन्काउंटर करून आलेली आहेत. वीकएंडहून आल्यावर आठवडाभर दोघं हातात हात घालून फिरतात आणि पावसाळा संपेपर्यंत सगळं पूर्ववत होतं, हे मी पुष्कळदा पाहिलंय; वीकएंडनंतर पुढे चालायला सोबत लागते. तुम्हाला संधी मिळाली तर वीकएंड जरूर करा. त्यासाठी टीम सोडू नका. अमेरिकेत चाळीसच्या दशकात सुरू झालेली ख्रिश्चन फॅमिली मूव्हमेंट ही तिसरी वाट. तिचा भर कुटुंबांनी मिळून आजूबाजूचा समाज पाहावा, पारखावा आणि काही कृती करावी यावर. टीमचं लक्ष आधी त्या दोघांवर आणि त्या दोघांच्या देवावर असतं.

वेळेचा हिशेब आता करूया, कारण तुम्हाला वाटतोय तेवढा तो भयंकर नाही. युद्धानंतर गट भराभर वाढले तेव्हा ते ढिले पडतील, नुसती मित्रमंडळं होतील अशी चिन्हं काफारेल यांना दिसली. म्हणून ८ डिसेंबर १९४७ ला, मारियामातेच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या सणाला, त्यांनी टीमची सनद जाहीर केली. पुष्कळांना ती कडक वाटली. त्या सनदेतून पुढे आलेल्या सहा गोष्टी आज प्रत्येक टीम पाळायचा प्रयत्न करते: देवाचं वचन नियमानं वाचणं, रोज थोडा वेळ एकट्यानं प्रार्थना, दोघांनी मिळून प्रार्थना, महिन्याचं बसणं, स्वतःपुरता एक जीवननियम, आणि वर्षातून एक रिट्रीट, म्हणजे रोजच्या धावपळीतून बाजूला होऊन प्रार्थनेत घालवलेला वेळ. शिवाय रोज मारियामातेचं ते स्तोत्र, ‘माझा जीव प्रभूला थोर मानतो’, जगभरातल्या सगळ्या टीमशी जोडून घेण्यासाठी. ते म्हणायला दोन मिनिटं लागतात, मी ट्रेनमध्ये म्हणते.

या सहांपैकी आपल्या लोकांना सगळ्यात अवघड कुठली जाते ठाऊक आहे? मला आधी वाटायचं, बसणं. तीन टीम पायलट केल्यावर कळलं, दोघांची प्रार्थना. वसईपासून कुलाब्यापर्यंत आपल्या घरांत संध्याकाळची रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, असते, आजी सुरू करते, मुलं पेंगतात, सगळे मिळून म्हणतात. घर म्हणून प्रार्थना करायला आपण जन्मापासून शिकलो. पण नवरा आणि बायको, दोघंच, स्वतःच्या शब्दांत, एकमेकांना ऐकू जाईल असं देवाशी बोलताहेत, हे आपण आई-वडिलांकडे कधी पाहिलेलं नसतं. देवासमोर उघडं पडायची लाज नाही वाटत, एकमेकांसमोर वाटते. आमच्याकडे सहा-सात वर्षं ही फक्त एक हेल मेरी, मारियामातेची छोटी प्रार्थना, होती, दिवा मालवल्यावर, अंधारात. मग माझ्या वडिलांच्या शेवटच्या आजारपणात एका रात्री हे एकदम मोठ्यानं म्हणाले, “प्रभू, हिला झोप दे.” एवढंच. मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं, की हे माझ्यासाठी काय मागतात. तुमची सुरुवात एका हेल मेरीनं होऊ द्या, अंधारात झाली तरी हरकत नाही.

जीवननियम या शब्दाला घाबरू नका. तो स्वतः ठरवायचा असतो आणि लहान असावा लागतो. आमच्या टीममधल्या एकाचा नियम होता, इमारतीच्या गेटपाशी ऑफिसचा फोन बंद. माझा एक वर्षाचा नियम होता, समोरच्याचं वाक्य पुरं झाल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही. सांगायला सोपा, पण पुरं वर्ष लागलं.

आणि मासिक मीटिंग. पाच ते सात जोडपी आणि एक धर्मगुरू, पाळीपाळीनं एकेकाच्या घरी. आधी साधं जेवण, मग महिन्यातलं सुखदुःख सांगणं, मग वचन आणि प्रार्थना, मग त्या सहा गोष्टींत कोण कुठवर पोचलं याची देवाणघेवाण, शेवटी वर्षासाठी घेतलेल्या विषयावर चर्चा. फादर तिथे प्रमुख म्हणून नसतात. टीमची जबाबदारी दरवर्षी निवडलेल्या एका जोडप्याकडे असते. फादर आध्यात्मिक सोबती, आणि चांगले फादर तिथे आपलंही सांगतात. आमच्याकडे एका फादरांनी एका मीटिंगला सांगितलं होतं, की संध्याकाळी सातनंतर धर्मगुरूच्या घरात किती शांत असतं. त्यानंतर त्यांना कुणी ना कुणी जेवायला बोलावू लागलं.

जेवण साधं म्हणजे खरंच साधं. इथे आपण बायका घसरतो. पहिल्या घरी सोरपोटेल, दुसऱ्या घरी बिर्याणी आणि वर पुडिंग, तिसरीला ताण येतो आणि चौथी म्हणते आमची पाळी पुढच्या महिन्यात घ्या. दोन टीम मी यापायी मोडकळीला येताना पाहिल्या. आमच्याकडे ठरलंय: एक कालवण, एक भाजी, भात, पाव. शीतपेयंसुद्धा नाहीत. कुणाचा पगार थांबलाय आणि कुणाचं घर लहान आहे हे ताटावरून कळता कामा नये.

मीटिंगमध्ये ऐकलेलं दाराबाहेर जात नाही. इतकं, की घरी परतताना आम्ही नवरा-बायकोही दुसऱ्या जोडप्यांवर बोलत नाही. एकाच धर्मग्रामात सगळे राहतो, रविवारी एकमेकांशेजारच्या बाकावर बसतो, एकमेकांची सोयरिकी असते. ही एक गोष्ट बिघडली की टीम संपलीच. तुमच्या पायलट जोडप्याला हे पहिल्याच महिन्यात स्पष्ट विचारा. आणि बसताना जे बोललात ते मीटिंगला सांगावं लागत नाही. बसलो, किंवा बसलो नाही, किंवा बसलो आणि जड गेलं, एवढं पुरतं. मात्र खरं सांगा. आमचे ते पहिले दोन महिने माझ्या मनाला अजून टोचतात.

सगळ्याची बेरीज केलीत तर महिन्याला एक संध्याकाळ मीटिंग, दोन तास बसणं, रोजचे पंधरा-वीस मिनिटं आणि वर्षाला एक रिट्रीट. पहिल्या दिवशी हे सगळं कुणाकडूनच जमत नाही, जमावं अशी अपेक्षाही नाही. पायलटिंगचं वर्ष त्यासाठीच असतं, त्यानंतरच पुढे जायचं की नाही हे ठरवायचं. पैशाचं विचारलं नाहीत, पण मनात असेल म्हणून सांगते: वर्षातून एकदा एका दिवसाच्या कमाईइतकी वर्गणी अशी रीत आहे. ती दोघांनी मिळून, आपापल्या सद्सद्विवेकानं ठरवायची.

एका बाबतीत मात्र मी टीमवर भार टाकू देणार नाही. तुमच्या पत्रात तसं काही नाही, तरी हे वाचणाऱ्या कुणाच्या घरात असेल. मारहाण होत असेल, धमक्या असतील, दारूनं घर पोखरलं असेल, तर ‘बसणं’ हा त्यावरचा उपाय नव्हे. ज्या माणसाची भीती वाटते त्याच्यासमोर मन उघडं करायला कुणीही कुणाला सांगू नये, फादरांनीही नाही. आधी सुरक्षित जागा. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे, २००५ चा घरगुती हिंसाचारविरोधी कायदा आहे आणि तो ख्रिस्ती बाईलाही तितकाच लागू आहे. ‘विवाह संस्कार आहे, सहन कर’ असं म्हणणारे भेटतील. त्यांना संस्कार कळलेला नाही. भीती नाही पण नातं पार तुटत आलंय, अशांसाठी रेट्रुव्हाय नावाचा वेगळा कार्यक्रम आहे, १९७७ मध्ये कॅनडाच्या क्वेबेकमध्ये सुरू झालेला, आणि तो एन्काउंटरच्याच धर्तीवर उभा राहिलेला आहे. मुंबई महाधर्मप्रांताचं माहीमचं स्नेहालय कुटुंब सेवा केंद्रही आहे. समुपदेशकाकडे जाणं म्हणजे श्रद्धा कमी पडली असं समजू नका. आमच्या टीममधलं एक जोडपं वर्षभर समुपदेशनाला जात होतं आणि त्याच वर्षी टीमलाही येत होतं, आणि टीममध्ये सगळ्यांत खरं तेच बोलायचे.

तुमचा नवरा फारसं बोलत नाही असंही तुम्ही लिहिलंय. काही पुरुषांना समोरासमोर बसवलं की वाचा बसते. त्यांना शेजारी बसवा. स्टेशनचा बाक आम्हाला उपयोगी पडला त्याचं एक कारण, आम्ही दोघं रुळांकडे बघत होतो. चालता चालता बोलता येतं, आंब्याच्या अढीशी बसून आंबे निवडता निवडताही बोलता येतं. आणि तो गप्प बसला तर ती पोकळी भरू नका. मोजून साठ आकडे होईतो थांबा. मला बाराच्या पुढे थांबवत नसे, म्हणून मी आधी बोटांवर मोजायचे.

पोप फ्रान्सिस यांनी १० सप्टेंबर २०१५ ला टीमच्या लोकांना भेट दिली तेव्हा या बसण्याचा मुद्दाम उल्लेख केला होता, धावपळीच्या जगात हे प्रवाहाविरुद्ध जाणं आहे अशा अर्थानं. शिफ्ट करणाऱ्या नवऱ्याला हे वाचून दाखवा; कुणीतरी आपली ओढाताण ओळखतंय असं त्याला वाटेल.

तर या महिन्यात एवढंच करा. शिफ्टचं वेळापत्रक आल्यावर तारीख ठरवा. कागद नको, वही चालेल, स्वतःबद्दलची. तासभरच बसा, दोन तास नको. फक्त आभार आणि एक विषय, आणि तो विषय सासूबाई नसावा; तो चौथ्या-पाचव्या महिन्याला घ्या, तोवर दोघांचे पाय जरा जमिनीला टेकलेले असतील.

आणि घरातून निघताना सासूबाईंना खोटं सांगू नका. बाजारात जातो, कुणाला बघायला जातो, असलं काही नको. आम्ही सुरुवातीला चोरासारखे निघायचो. एकदा सासूबाईंनी विचारलंच, दर महिन्याला कुठे जाता? मी घाबरत सांगितलं, आम्ही दोघं बोलायला जातो, फादरांनी सांगितलंय. त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या महिन्यात आम्ही चपला घालत होतो तेव्हा त्यांनी थर्मास आणून दिला आणि म्हणाल्या, स्टेशनवरचा चहा पिऊ नका, पोरीला मी बघते.